आठ-चारच्या पत्र्यातून तीन मीटरची भिंत : फायबर पॅनल जोडण्याच्या नोंदी

१२ डिसेंबर २०२४, पावस

वहिनींच्या आंब्याच्या पल्पच्या खोलीची मापं घेऊन आले. आतून ७.२ मीटर लांब, ४.८ मीटर रुंद, झाकायची उंची ३ मीटर. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट. चिरा पावसाळाभर पाणी पितो आणि पुढे कित्येक महिने ते सोडत बसतो, त्यामुळे पेंट जागोजागी सुटलाय. मे महिन्यात रस उडतो, पोपड्यांच्या मागे उतरतो आणि तिथेच आंबतो. वहिनींनी एक पोपडा नखाने उचलून दाखवला. खाली काळी बुरशी. "अगं, सात महिने झाले सीझन संपून, वास अजून जात नाही."

त्यांना पाइपने धुता येईल अशी भिंत हवी आहे. पाडवा ३० मार्चला आहे, त्या दिवशी यंत्र सुरू करायचं त्यांच्या मनात आहे.

फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांना रेझिनने बांधलेला पत्रा, लावायचं ठरलं. प्रश्न मापाचा आहे. माझ्याकडे ३ मिमी जाडीचे १.२ × २.४ मीटरचे पत्रे आहेत, म्हणजे आपला आठ-चारचा पत्रा. भिंत ३ मीटर उंच. उभा पत्रा लावला तर वर ६० सेंटिमीटर उघडे राहतात. ३ × २.४ चं पॅनल साच्यावर एकसंध ओढता येईल, पण तेवढा सपाट साचा माझ्या शेडमध्ये नाही आणि दहा पॅनलांसाठी तो करणं परवडणार नाही. तेव्हा जोडूनच करायचं.

हिशेब सरळ बसतोय. दोन उभे पत्रे शेजारी शेजारी आणि वर ६० सेंटिमीटरची आडवी पट्टी. एक पत्रा लांबीत चिरला की अशा दोन पट्ट्या निघतात. म्हणजे पॅनलला अडीच पत्रे. लांब भिंतीला तीन पॅनल, आखूड भिंतीला दोन, एकूण दहा पॅनल, पंचवीस पत्रे. एका पॅनलचं वजन साधारण ३२ किलो होईल, दोघांना उचलता येतं. मालाचं शटर २.७ मीटर उंच आहे, त्यातून पॅनल आडवं धरून आत जाईल हेही टेपने पाहून घेतलं.

पट्टी वर लावायची, खाली नाही. खाली पाणी साचतं. तिथे सांधा नको.

१३ डिसेंबर, मिरजोळे

बाबा असताना आम्ही टाक्या आणि बोटींची झाकणं केली. भिंत पहिल्यांदाच करतेय. टाकीचा सांधा आतून-बाहेरून कितीही जाड केला तरी चालतो, बघणारं कोणी नसतं. भिंतीचा सांधा डोळ्यांसमोर राहतो, त्याच्यावर रोज घासणी आणि क्लोरीनचं पाणी फिरणार. मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचे आडवे पाइप येणार, त्यामुळे मागेही फार फुगवटा चालणार नाही.

मनात चार प्रकार आहेत. पत्र्यावर पत्रा चढवून पॉप रिव्हेट मारायचे. पत्र्यावर पत्रा चढवून इपॉक्सीने चिकटवायचे. कडेला कड लावून मागून मॅटची, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या चटईची, पट्टी ओढायची. किंवा दोन्ही कडा तिरक्या घासून, बोटीच्या दुरुस्तीत करतात तसा उतरता सांधा भरायचा. चारही करून मोडून बघते, मग ठरवते.

१७ डिसेंबर

दिवसभर तुकडे मोडले.

पद्धत अशी : ५० मिमी रुंदीची पट्टी, दोन लाकडी ठोकळ्यांवर, ठोकळ्यांमध्ये ३०० मिमी अंतर. मध्यावर दोरी, दोरीला बादली, बादलीत मापाने पाणी. अख्खी, बिनजोडाची पट्टी १५ लिटरच्या आसपास मोडली. गणिताशी जुळतं. मॅटच्या फायबरची वाकताना मोडण्याची ताकद चौरस मिलिमीटरला १५० न्यूटनच्या घरात धरली तर एवढंच उत्तर येतं.

नुसत्या रिव्हेटचा जोड ४ लिटरला भोकापासून फाटला. भोकाच्या कडेचे धागे कापलेले असतात, ताण सगळा तिथेच गोळा होतो. फायबर हे लोखंड नव्हे. लोखंड भोकापाशी थोडं ताणून घेतं, फायबर घेत नाही. इपॉक्सीचा ४० मिमी चढाव १२ लिटरपर्यंत गप्प राहिला, मग फट्कन आवाज होऊन टोकाकडून उघडला. चढवलेल्या जोडात दोन पत्रे एका रेषेत नसतात, त्यामुळे जोडाच्या टोकाला सोलून काढणारा जोर येतो. चढाव दुप्पट केला म्हणून ताकद दुप्पट होत नाही. मधला भाग नुसता बसून राहतो, काम टोकंच करतात. शिवाय समोरून एक पायरी दिसते, तिच्यात रस अडकणार. हे दोन्ही प्रकार बाद.

उतरता सांधा १३ ते १४ लिटर. जवळपास अख्ख्या पत्र्याएवढा.

मागून पट्टी ओढलेल्याची गोष्ट वेगळी लिहिली पाहिजे. पहिला तुकडा ५ लिटरला सुटला. मोडला नाही, सुटला. पट्टी एका तुकड्यात हातात आली. तिची खालची बाजू उजेडात धरली तर आरशासारखी चकाकत होती, एकही धागा उपटलेला नाही. पत्र्याच्या पाठीवर रेझिनचा पुसटसा डाग, बाकी जसाच्या तसा. मी तिथे फक्त ॲसिटोनने पुसून मॅट टाकली होती. हे पत्रे दोन फिल्मांमध्ये तयार झालेले, पाठही काचेसारखी. पुसल्याने धूळ गेली, तेल गेलं, पण नव्या रेझिनने धरायचं कशाला? जुनं पॉलिएस्टर, म्हणजे पत्र्यातलं रेझिन, एकदा पूर्ण पिकलं, कडक झालं, की नव्याशी रसायनाने फारसं जुळत नाही. त्याला ओरखडे लागतात, उघडे धागे लागतात.

दुसरा तुकडा ४० नंबरच्या डिस्कने धागे पांढरे दिसेपर्यंत घासला, धूळ ब्रशने झाडली, मग मॅट टाकली. पट्टी खालच्या बाजूला ठेवून भार दिला. २० लिटरची बादली भरली तरी हलला नाही. तिथेच थांबले, दुसरी बादली बांधायला जागा नव्हती. मग तसाच तुकडा उलटा ठेवला, पट्टी वर, दर्शनी बाजू खाली. ८ लिटरला समोरच्या रेषेत केसाएवढी फट उघडली. १३ ला पट्टी वाकून मोडली.

म्हणजे मागची पट्टी ताकद देते, पण समोरची रेषा बंद ठेवत नाही. आणि मला दोन्ही हवंय.

(आकडे एकेका-दोनदोन तुकड्यांचे आहेत, प्रयोगशाळेचे नाहीत. मला निवड करण्यापुरते पुरेत.)

१९ डिसेंबर

मिरकरवाड्याहून चाचांना बोलावलं. बाबांचे जुने स्नेही, चाळीस वर्षं बोटी केल्या. आधी लाकडाच्या, मग फायबरच्या. मोडलेले तुकडे एकेक करून उलटसुलट पाहिले. सुटलेल्या पट्टीची चकाकणारी बाजू अंगठ्याने घासली आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिली.

मी म्हटलं, पूर्ण उतार दिला तर? ३ मिमी जाडीला बारास एक उतार म्हणजे प्रत्येक कडेला ३६ मिमी घासायचं, ४८ मीटर सांध्याला दोन्ही बाजू. चाचा म्हणाले, "बेटा, बोटीला मागून हात पोचत नाही म्हणून आम्ही समोरून सगळं भरतो. तुझ्या पत्र्याला दोन्ही बाजू आहेत. अर्धा समोरून घे, बाकी मागून बांध."

हेच करायचं. समोरून फक्त दीड मिमी खोल उतार, म्हणजे प्रत्येक कडेला १८ मिमी. मागून तीन थरांची पट्टी.

दुसरी गोष्ट मॅटच्या क्रमाची. मी आजवर अरुंद पट्टी आधी, रुंद शेवटी असं टाकत आले, खड्डा भरल्यासारखं. चाचा उलटं सांगतात : रुंद आधी. पहिला थर जो घासलेल्या जागेला लागतो तो एकाच अखंड मॅटचा असावा, वरचे त्याच्यावर बसतील. अरुंद आधी टाकली की प्रत्येक मॅटची कड जुन्या पत्र्यावर वेगळी टेकते आणि तेवढ्या जास्त सुरुवाती होतात सुटायला. दोन्ही पद्धतींचे कारागीर मी पाहिलेत, वादही ऐकलेत. मागच्या पट्टीसाठी मला चाचांचं पटलं.

२३ डिसेंबर

माल आला. आयसो रेझिन (पाण्यात जास्त टिकणारं पॉलिएस्टर), चौरस मीटरला ४५० आणि ३०० ग्रॅमची मॅट, टिश्यू (काचेच्या धाग्यांचा पातळ थर), पांढरा जेलकोट (सगळ्यात वरचा गुळगुळीत लेप). साधं ऑर्थो स्वस्त पडतं, पण सतत ओल्या राहणाऱ्या जागी आयसोच घ्यायचं, यात काटकसर करणार नाही.

मागच्या पट्टीचे थर १५०, १२० आणि ९० मिमी. एका पॅनलमध्ये उभा सांधा २.४ मीटर, आडवा २.४. मॅट पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास लागते, रेझिन तिच्या सव्वादोन पट, म्हणजे पावणेदोन ते दोन किलो.

२४ डिसेंबर

आज एक गोष्ट थोडक्यात निभावली. पुतण्या पहिल्यांदाच मदतीला आलाय. रेझिनमध्ये कोबाल्ट (हार्डनरचं काम लवकर सुरू करणारं द्रावण) कमी वाटलं म्हणून मी थोडं काढून ठेवलं होतं, आणि त्याने वेळ वाचवायला हार्डनर त्याच मगात ओतायला घेतला. मी ओरडले, मग त्याच्या हातून काढून घेतला. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत मिसळले की पेट घेतात, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. दोन्ही बाटल्या आता शेडच्या दोन टोकांना ठेवल्यात, मापं वेगळी, मग वेगळे. हार्डनर हाताळताना चष्मा लावल्याशिवाय कोणी उभं राहायचं नाही. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. हे त्याला समोर बसवून सांगितलं, आणि त्याच्या आईलाही फोन करून सांगितलं.

२८ डिसेंबर

पहिलं पॅनल. टेबलावर पत्रे उताणे न ठेवता पालथे ठेवले, म्हणजे दर्शनी बाजू टेबलाला टेकून आपोआप एका पातळीत येते. गुण्या लावला, सांध्याखाली फिल्म अंथरली, कडा घासल्या, पट्टी ओढली. रोलरने हवा काढली. शेडमध्ये ३१ डिग्री. हार्डनर किलोला १५ ग्रॅम, वीस मिनिटांत रेझिन जेली व्हायला लागलं.

तिन्ही थर एका दमात टाकले ती चूक. पट्टी हाताला चटका बसेल इतकी तापली. संध्याकाळी पॅनल उभं केलं तर उभ्या सांध्याशी वाकलेलं, पन्हळीसारखं. दोन्ही बाहेरच्या कडा पाठीकडे उचललेल्या, सरळ पट्टी लावली तर मध्ये ११ मिमी उजेड. पॉलिएस्टर पिकताना आक्रसतं, आकारमानात ५ ते ८ टक्के. एकाच बाजूला तीन थर आक्रसले आणि त्यांनी पत्रा ओढून घेतला.

२ जानेवारी २०२५

दोन बदल करून दुसरं पॅनल. पहिला थर आज संध्याकाळी, उरलेले दोन उद्या सकाळी, मध्ये मेणाचा अंश नसलेलं रेझिन, म्हणजे वरचा थर चिकटायला अडचण नाही. हार्डनर १५ चा १० ग्रॅम केला. आणि सांध्याच्या खाली २०० मिमी रुंद, ४ मिमी जाड प्लायची पट्टी ठेवली, म्हणजे पत्र्याच्या बाहेरच्या कडा आधीच खाली झुकलेल्या. आक्रसून वर आल्या की सपाटीला याव्यात.

४ जानेवारी

उजेड २ मिमी. एवढं ॲल्युमिनियमवर बसवताना सरळ होतं. पहिलं पॅनल टाकून देणार नाही, दरवाजाच्या बाजूला कापून वापरता येईल.

९ जानेवारी

समोरची बाजू. ही मी स्वतःच करतेय, कोणाच्या हातात देत नाही.

पॅनल उताणं केलं. सांध्यावर पेन्सिलने दोन रेषा, प्रत्येकी १८ मिमी अंतरावर. ग्राइंडर रेषेपासून सांध्याकडे झोपवत न्यायचा. पांढरा थर जातो, मग धुरकट हिरवट फायबर दिसतं, मग मॅटचे धागे फुलासारखे उघडतात. मध्यावर दीड मिमी खोल झालं की थांबायचं. मी जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून त्या उताराचा एक साचा कापलाय, तो आडवा धरून बघते. जिथे उजेड दिसतो तिथे अजून घासायचं.

त्यात आधी ४५० ची एक पट्टी, मग टिश्यू. दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून सपाट केलं. हाताने घासलं की बोटांच्या रेषा उमटतात, म्हणून ठोकळा. वर जेलकोट, शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घालून. पॉलिएस्टरचा उघडा पृष्ठभाग हवेमुळे चिकट राहतो. मेण वर तरंगून येतं, हवा अडवतं आणि थर पूर्ण पिकतो. पण एकदा मेण घातलं की त्याच्यावर घासल्याशिवाय काहीही चिकटत नाही. म्हणून मेणाचा डबा मी वेगळ्या फळीवर, लाल झाकणाखाली ठेवलाय. थरांच्या मधल्या रेझिनमध्ये तो चुकून गेला तर १७ डिसेंबरची चकाकणारी पट्टी पुन्हा हातात येईल.

जिथे उभा सांधा आडव्याला भेटतो तो टी-सांधा, ती जागा अवघड. मागून दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या तर सहा मिमीचा गठ्ठा होतो. तिथे थर एकाआड एक गुंफले : उभ्याचा पहिला, आडव्याचा पहिला, आणि उभ्याचे वरचे दोन चौकाच्या अलीकडेच थांबवले. गठ्ठा चारवर आला.

पूर्ण झाल्यावर नाण्याने टकटक करत सगळा सांधा ऐकला. भरलेल्या जागी आवाज खणखणीत येतो, आत हवा असेल तर मंद, पुठ्ठ्यासारखा. एका ठिकाणी हातभर लांबीत तसा लागला. कापून काढलं, पुन्हा भरलं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेड बंद. तिळगूळ वाटून झाल्यावर दुपारी बाबांच्या कपाटातली प्लॅस्टिकच्या घरांची कात्रणं काढून बसले. त्यांना त्याचं वेड होतं.

१९५७ मध्ये अमेरिकेत डिस्नेलँडमध्ये मोन्सँटो कंपनीने फायबरचं घर उभं केलं होतं, मधल्या खांबापासून चारही दिशांना अधांतरी निघालेल्या खोल्या. १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं तर लोखंडी गोळा आदळून परत यायचा. शेवटी साखळ्यांनी आवळून तुकडे केले, आणि घर पायाला धरून ठेवणारे अर्ध्या इंची पोलादी बोल्ट घराच्या आधी तुटले. फिनलंडच्या मट्टी सुरोनेन यांनी १९६८ मध्ये केलेलं फ्युचुरो हे तबकडीसारखं घर सोळा तुकड्यांचं, तुकडे बोल्टने जोडायचे, म्हणजे उतरवून दुसरीकडे नेता यायचं.

बाबा ही चित्रं दाखवून म्हणायचे, बघ, सांधा कुठे ठेवलाय ते बघ. तेव्हा मला नुसती तबकडी दिसायची. आज पहिल्यांदा मी तुकड्यांच्या मधल्या रेषा मोजल्या.

३१ जानेवारी

सहा पॅनल तयार. घासणीचं काम सकाळीच उरकतो, अंगाला आधी टाल्कम लावून, पूर्ण बाह्या, मास्क. धूळ मारायला पाण्याचा फवारा. तरी मानेला खाज सुटतेच.

८ फेब्रुवारी, पावस

दोन पॅनल बसवून पाहिली. आज जे झालं त्याने पुढचं सगळं काम बदललं.

ॲल्युमिनियमचे २५ × ५० चे पाइप आडवे, ६०० मिमी अंतराने, गिलाव्यात अँकर मारून. आडव्या सांध्याच्या उंचीवर, २.४ मीटरला पाइप येत होता, तो खाली सरकवला, सांध्याच्या पट्टीला मोकळी जागा हवी. सकाळी साडेआठला पहिलं पॅनल लावलं. खोलीत २१ डिग्री, खिडकीतून गार वारा. घाई होती म्हणून पुतण्याने आणि मी पाइपांवर कडक इपॉक्सी लावली, रिव्हेटही मारले, भोकं रिव्हेटच्याच मापाची. घट्ट, सरळ, सुंदर दिसत होतं. वहिनी येऊन हात फिरवून गेल्या.

दुपारी अडीचला शटरमधून ऊन थेट त्या पॅनलवर आलं. खोलीत ३३. पॅनलवर दोन पाइपांच्या मध्ये पोट आलं होतं. सरळ पट्टी लावली : ७ मिमी. प्रत्येक गाळ्यात तसंच, भिंत श्वास घेऊन थांबल्यासारखी.

घरी येऊन कागदावर मांडलं. मॅटच्या फायबरचं प्रसरण डिग्रीला मीटरमागे साधारण ०.०२८ मिमी, भिंतीच्या गिलाव्याचं त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि भिंत सावलीत थंडच होती. ६०० मिमीच्या गाळ्यात १२ डिग्री वाढले तर लांबी वाढते फक्त ०.२ मिमी. हे इतकं थोडं वाटतं की मी डिसेंबरात हा हिशेब केलाच नव्हता. पण दोन्ही टोकं पक्की असताना त्या ०.२ मिमीला जायला जागा नसते, ती बाहेर फुगते, आणि कमानीचा हिशेब लावला तर ०.२ मिमी वाढीचं पोट ७ मिमीचं होतं. बरोबर तेवढंच मोजलं होतं.

आणि हे नुसत्या उन्हाने. मे महिन्यात ६५-७० डिग्रीच्या पाण्याने धुतलं की काय होईल?

माझी चूक अशी की मी सगळं कौशल्य पत्र्याला पत्रा जोडण्यात घातलं आणि पॅनलला पॅनल, पॅनलला भिंत हे जोड तसेच घट्ट केले. २.४ × ३ चं पॅनल आत एकजीव असलं पाहिजे. त्याच्या चारही कडांना मात्र ते मोकळंच हवं.

१० फेब्रुवारी

वहिनींना स्पष्ट सांगितलं, लावलेलं काढावं लागेल, दोन-तीन दिवस जातील, खर्च माझा. त्या म्हणाल्या, "काढ. पण पाडवा चुकवू नकोस."

इपॉक्सी काढताना मागचा फायबर पाइपांना चिकटून आला. ते पॅनल गेलं. नवीन करावं लागेल.

१६ फेब्रुवारी

नवी पद्धत ठरली ती इथे नीट लिहून ठेवते.

२.४ मीटरच्या पॅनलला ३० डिग्रीचा फरक धरला तर वाढ २ मिमी. मधली उभी ओळ पक्की, बाकी सगळं मोकळं. म्हणजे वाढ दोन्हीकडे एकेक मिमी वाटली जाते. शेजारचं पॅनलही एक मिमी येणार, म्हणून दोघांमध्ये ३ मिमी फट. मधल्या ओळीत ४.८ चा रिव्हेट ५ च्या भोकात, बाकी सगळीकडे ६.५ च्या भोकात, मोठ्या टोपीचे, आणि बंदूक पूर्ण आवळायची नाही. भोक कडेपासून किमान १५ मिमी आत, म्हणजे रिव्हेटच्या व्यासाच्या तिप्पट. रिव्हेट स्टेनलेसचे. साध्या ॲल्युमिनियमच्या रिव्हेटच्या आतली खिळी लोखंडाची असते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती गंजते आणि पांढऱ्या भिंतीवर तपकिरी ओघळ उतरतो.

पाइप आणि पॅनल यांच्या मध्ये ३ मिमीची फोम टेप. ती सरकू देते, आणि मागच्या पट्टीची जाडीही भरून काढते. पट्टी पाइपावरून जाते तिथे टेप कापायची.

फटीवर पीव्हीसीचा एच सेक्शन, म्हणजे दोन्ही पॅनलांच्या कडा आत घेणारी H आकाराची पट्टी. पीव्हीसी फायबरच्या दुपटीहून जास्त वाढतो. ३ मीटरच्या सेक्शनला ३० डिग्रीत सहा मिमीच्या वर. तेव्हा तो वरून ७ मिमी आखूड कापायचा. आत बुरशीरोधक न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरच्या वासाचं नको, ते ॲल्युमिनियमला खातं.

पत्रे लावण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत उभे करून ठेवायचे.

१ मार्च

आठ पॅनल उभी. दुपारी अडीचला पट्टी लावून बघते, रोज. पोट नाही.

११ मार्च

उरलेली दोन पॅनल बसली. उद्यापासून सगळे शिमग्याला आपापल्या गावी. पालखी घरी येण्याआधी हात मोकळे झाले याचं समाधान आहे. सिलिकॉन भरायचं ते गावाहून परत आल्यावर.

२२ मार्च

कोपरे पूर्ण. कोपऱ्यात कड कडेला न टेकवता ५ मिमी सोडून वर गोल पट्टी, म्हणजे ब्रश आत जातो.

२६ मार्च

धुण्याची चाचणी. लांब भिंतीच्या एका फटीच्या दोन्ही बाजूंना सुईने बारीक खुणा केल्या होत्या, अंतर १०० मिमी. सकाळी २४ डिग्रीला व्हर्नियरने १००.० च होतं. मग बंबाचं पाणी पाइपने दहा मिनिटं, भिंतीला हात लावून धरवत नव्हता. पुन्हा मोजलं : ९८.९. अकरा दशांश मिलिमीटर फट मिटली आणि भिंत सपाट राहिली. थंड झाल्यावर परत १००.०.

पॅनलच्या आतल्या सांध्यांवर क्लोरीनचं पाणी शिंपडून अर्धा तास ठेवलं, मग शाईचं बोट फिरवून पुसलं. केसाएवढी चीर असती तरी निळी रेघ राहिली असती. सात पॅनलांवर काही नाही. आठव्याच्या टी-सांध्यापाशी बोटभर रेघ निघाली. जेलकोट पातळ पडला होता तिथे. घासून पुन्हा दिला.

३० मार्च

पाडवा. गुढी उभी राहिली, यंत्र सुरू झालं. वहिनींनी पहिल्या घाण्याचा रस बाबांच्या फोटोसाठी वेगळा काढून दिला.

१२ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, वहिनींचा सीझन त्यामुळे आधीच आटोपला. आज तपासणीला गेले. भिंत बाहेरून भिजून गडद झाली आहे. आत एका कोपऱ्यातली गोल पट्टी काढून टॉर्चने मागे पाहिलं : गिलाव्यावर ओल आहे, पॅनलच्या पाठीवर थेंब, पण मागे हवा फिरतेय आणि वास नाही. खालची निथळायची फट एका ठिकाणी आंब्याच्या रेषांनी बुजली होती, सुईने साफ केली. वहिनींना सांगितलं, दर आठवड्याला ही फट पाहायची.

खुणा मोजल्या. २६ डिग्री, ९९.९.

आठव्या पॅनलचा टी-सांधा पुन्हा शाईने पाहिला. स्वच्छ. पुढची तपासणी ऑक्टोबरात, चिरा वाळायला लागल्यावर.